दृष्टीचा वाळा

हर्षदाला वाट बघणं कधीच जमलं नाही. दूध संघात ती गुणवत्ता अधिकारी होती आणि तिथेही नमुना यंत्रात घातला की उत्तर येईपर्यंत खोलीभर येरझाऱ्या घालायची. हाताखालची माणसं गालातल्या गालात हसायची. आता हसायला कोणी नव्हतं. पुण्याच्या दवाखान्यात काचेपलीकडे तिची एकोणीस वर्षांची तन्मयी झोपून होती आणि हर्षदा बाहेरच्या बोळात फेऱ्या मारत होती.

तन्मयीच्या हाडांतल्या मज्जेने रक्त बनवणं जवळजवळ थांबवलं होतं. दुसऱ्या कुणाची निरोगी मज्जा मिळाली तर पोर उठून बसेल, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण जगभरच्या दात्यांमध्ये तिच्याशी जुळणारं कोणी सापडलं नाही. आईबापांची अर्धी जुळणारी मज्जाही एरवी चालते. पण पुन्हा पुन्हा रक्त भरून तन्मयीच्या शरीराने आई आणि बाप, दोघांच्याही पेशींवरच्या खुणांशी वैर धरलं होतं. हर्षदाची मज्जा दिली तर लेकीचं शरीर ती हुसकून लावणार होतं. हे कळल्यापासून हर्षदाला स्वतःचाच राग येत होता, आणि राग काढायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून तो नवऱ्यावर निघत होता. महेश बिचारा ऐकून घ्यायचा आणि लेकीपाशी जाऊन बसायचा.

त्या दिवशी डॉ. अलका नाईकनवरे यांनी तिला खोलीत बोलावलं.

"हर्षदाताई, जरा बसता का?"

"उभीच बरी आहे. बोला तुम्ही."

"तुमच्या लेकीच्या अंगात तीन बायका राहतात," डॉक्टर म्हणाल्या. तेव्हा मात्र हर्षदा बसली.

बाळ पोटात असताना नाळेतून नुसतं अन्नपाणी जात नाही. आईच्या काही जिवंत पेशी बाळात उतरतात आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच नांदतात. ही गोष्ट शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होती. नव्या यंत्राची करामत अशी, की लाखांच्या गर्दीतली अशी एखादी पेशी ते नेमकी वेचायचं आणि ती कोणाची, हे वाचून काढायचं. त्यातून एक नवल उघड झालं. आईच्या अंगात मुक्कामाला असलेली आजीची पेशी पुढे नातीतही जाते, नातीतून पणतीत जाते. डॉक्टर लोकांनी त्यांना पाहुण्या पेशी असं नाव देऊन टाकलं होतं.

"याचा उपयोग काय?" हर्षदाने विचारलं.

"शरीराचे पहारेकरी जन्माआधीपासून या पाहुण्यांना बघत आलेले असतात. त्यांना ते परकं मानत नाहीत. म्हणजे पाहुणी ज्या घराण्यातली, त्या घराण्यातला दाता मिळाला तर मज्जा टिकू शकते. तीनपैकी एक तुम्ही, दुसरी तुमची आई. रक्त भरून भरून तुम्हा दोघींच्या खुणांशी वैर झालंय, त्यांचा आता उपयोग नाही. पण तिसरीच्या पेशींना तन्मयीचं रक्त अजून हात लावत नाही. आम्ही काचेच्या बशीत तपासून पाहिलं."

"तिसरी कोण?"

"पूर्ण वाचन व्हायला थोडा वेळ लागेल. पण बहुधा तुमच्या आईच्या आजी. त्यांच्या माहेरची माणसं शोधा."

हर्षदा उठली ती थेट गाडीकडे निघाली.

*

सगळं इथेच अडलं. तिची आजी बनाबाई म्हातारी होऊन भरल्या घरात गेली होती, पण त्या बनाबाईची आई, म्हणजे हर्षदाची पणजी, बनाबाईला जन्म देताच वारली होती. नाव सरस्वती. तेही सासरचं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं. त्याआधी तिला काय हाक मारत, कुठल्या गावाहून ती आली, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

आंबळवाडी हे बनाबाईचं माहेर. तिथे तिच्या भावाचा मुलगा भानुदासमामा अजून शेती बघत होता. त्याने डोकं खाजवलं. "खालच्या अंगाची होती म्हणत्यात. म्हंजे कुठली, ते देवाला म्हाईत."

तालुक्याच्या कचेरीत त्या सालची जन्मनोंद मिळाली. बापाचं नाव, गाव, आणि "एक मुलगी". आईच्या नावाची जागा कोरी. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाला हर्षदाने मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या.

मग भानुदासमामाने हेळव्याला बोलावलं. पिढ्यान्पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारा हा माणूस आता बैलावरून नाही, विजेच्या दुचाकीवरून यायचा. त्याने डोळे मिटून मूळ पुरुषापासून सुरुवात केली आणि बापामागून मुलगा, मुलामागून नातू, न अडखळता सांगत सुटला. हर्षदा ओसरीवर उभी राहून पाय बदलत होती.

"सरस्वतीचं सांगा ना," ती मध्येच म्हणाली.

"ती बाहेरनं आलेली, ताई. तिची कुळी तिच्या माहेरच्या हेळव्याकडं."

"आणि तिचं माहेर?"

"ते ठावं असतं तर मीच त्याला फोन लावला नसता का?"

तो खोटं बोलत नव्हता, त्यामुळे त्याच्यावर चिडताही येईना. परतीच्या वाटेवर हर्षदाने गाडी स्वतःकडे घेतली. ती आपोआप चालते हे खरं, पण नुसतं बसून राहणं तिला सोसेना. घाटात असतानाच डॉक्टरांचा फोन आला.

"हर्षदाताई, माहेर शोधायचं थांबवा. वाचन पूर्ण झालं. ती तुमची पणजी नाही."

"मग?"

"ती तुमच्या रक्तातली कोणीच नाही. तुमच्याशी नातं नाही, तुमच्या आईशीही नाही. तिच्या मुळांचा धागा गुजरात-राजस्थानकडे जातो. पण तिच्या पेशी तुमच्या आईत आहेत, तुमच्यात आहेत, तन्मयीतही आहेत. पोटात वाढल्याशिवाय पेशी येण्याचा दुसरा एकच रस्ता मला माहीत आहे."

डॉक्टरांनी पुढचं सांगायची गरज नव्हती. गाईच्या दुधातल्या जिवंत पेशी मोजण्यात हर्षदाचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिने गाडी रस्त्याकडेला घेतली.

"दूध," ती म्हणाली.

*

"कुणाचं दूध?" तिची आई विजयमाला साताऱ्याच्या घरात पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली आपटलं. "माझी आई वरच्या दुधावर वाढली. गाईच्या. घरचं गोठं भरल्यालं हुतं."

"गाईच्या पेशी आणि बाईच्या पेशी यंत्राला वेगळ्या कळतात, आई."

"यंत्राला काय कळतंय! आपल्या रक्तात परकं कुणी न्हाई. शहाण्णव कुळी सांगतोय आपण."

"तुझं कुळ घेऊन मी काय करू? पोर जातेय माझी!"

तव्यावरची पोळी करपली तरी कोणी हलेना. विजयमाला रडायला लागली, तोंडाला पदर न लावता, आणि हर्षदाला आणखीच धीर सुटल्यासारखं झालं. ती उगाचच देवघरापाशी गेली, समईची वात वर सारली, परत आली. तेवढ्यात तिला देवघराच्या खणातली डबी आठवली. डबीत लोखंडाचा बाळवाळा होता. तिचाच. लहानपणी ती त्याच्याशी खेळायची.

"आई, हा वाळा कुणाकडून आणला होतास?"

"घिसाड्याकडनं. दुसऱ्या कुणाकडनं?" विजयमालाने डोळे पुसले. "तुला काय ठावं न्हाई का? लेक झाली की बारशाला घिसाड्याचाच वाळा घालायचा. दृष्ट लागत न्हाई. आईनं मला बजावल्यालं. वाळा घिसाडणीच्या हातचा पायजे, घासाघीस करायची न्हाई, दुधात बुडवून मग पायात घालायचा आन् तिला खण द्यायचा. मी तुझ्या बारशाला समदं केलं. तूच तन्मयीच्या टायमाला ऐकलं न्हाईस."

ऐकलं नव्हतं, हे खरंच होतं. लोखंड गंजतं, बाळाला जखम होईल, धनुर्वात होईल, असं सगळं बजावून हर्षदाने आईला गप्प केलं होतं आणि लेकीच्या पायात चांदीचे वाळे चढवले होते.

"फक्त लेक झाली की?" तिने सावकाश विचारलं. "मुलगा झाला की नाही?"

"न्हाई. लेकीलाच."

"आणि दृष्ट काय फक्त लेकींनाच लागते का, आई?"

विजयमालाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. घिसाडी म्हणजे गावोगाव पाल ठोकून विळे-खुरपी घडवणारे भटके लोहार. बोली त्यांची गुजरातीच्या वळणाची. हे तिलाही माहीत होतं. पण दृष्टीसाठी म्हणून जे केलं त्याचा आणखी काही अर्थ असेल, असा विचार तिच्या मनाला कधी शिवला नव्हता, आणि हर्षदाने तर तो खुळचटपणा म्हणून सोडूनच दिला होता. कोण जास्त चुकलं, हे ठरवायला दोघींपाशी सवड नव्हती.

*

भटक्या माणसांचा सात-बारा नसतो की घरपट्टी. पण फोन सगळ्यांकडे असतो. लोणंदच्या बाजारात विळे विकणाऱ्या एका घिसाडी दुकानदाराला गाठून हर्षदाने त्याच्या फोनवर निरोप बोलून ठेवला: आंबळवाडीच्या गायरानावर ज्यांचं पाल पडायचं, त्यांच्यापैकी कोणी असेल तर कळवा. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. दुकानदाराने तो जातभाईंच्या सगळ्या गटांवर पाठवला. तो निरोप कुठे कुठे फिरला कोण जाणे. हर्षदा दर थोड्या वेळाने फोन बघायची, खाली ठेवायची, पुन्हा उचलायची.

उत्तर आलं ते एका म्हाताऱ्या बाईच्या आवाजात. तिने नाव सांगितलं नाही की गाव सांगितलं नाही. एवढंच विचारलं होतं:

"तू बनाची कोण?"

हर्षदाने त्याच नंबरवर लगेच फोन लावला आणि पत्ता विचारला.

बायडाबाई सोळंकी लोणंदच्या बाहेर राहत होती. पाल कधीच गेलं होतं. पत्र्याची मोठी शेड होती आणि तिथे ऊसतोडणी यंत्रांची पाती घडत. ठोके द्यायला विजेचा हातोडा होता, तरी एका कोपऱ्यात जुनी ऐरण ठेवलेली होती. बायडाबाईने हर्षदाला खाटेवर बसवलं, चहा दिला आणि ती चहा पिते की नाही हे नीट बघून घेतलं.

"रुक्मी माझ्या आज्याची आई," ती सांगू लागली. "आंबळवाडीला तळ पडल्याला. तुमची ती बाळंतीण मेली. पोर वरचं दूध वकायची. कुणीतरी बोललं, पालावर एक ओली बाळंतीण हाय. तसं मालक सोता आलं, पटका काढून हातात धरला. रुक्मीला अंगावर पोरगा हुता, माझा आजा. तिनं दोघांस्नी पाजलं. मग तळ हलायचा वकूत झाला. समदी गेली. ती ऱ्हायली."

"एकटी?"

"पोरगा घेऊन. गोठ्यात. घरात घेत नव्हते ना. पोर गोठ्यात आणून द्यायचे, पाजून झाली की न्यायचे. पोर भाकरी खाय लागली तसा खण दिला आन् बोळवली."

पलीकडे विजेचा हातोडा धडधडत होता. हर्षदाने कप खाली ठेवला.

"दर साली तळ त्या वाटेनं जायचा. रुक्मी वाड्याच्या दारात जाऊन हुबी ऱ्हायची. म्हणायची, पोर दावा. आतनं सांगायचे, पोर झोपलीय. दर साली पोर झोपल्याली! येवढी झोप कुण्या पोरीला असती?" बायडाबाई हसली, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "मग तिनं डोकं चालवलं. लोखंडाचा वाळा घडवला. सोता घण मारून. दारात म्हणाली, दृष्टीचा वाळा हाय, पोरीला बाधा हुनार न्हाई. दृष्टीचा म्हटल्यावर कोण न्हाई म्हणंल? घेतला त्यांनी. आईचा म्हणून घेतला नसता."

हर्षदाने पर्समधली डबी काढली. वाळा म्हातारीच्या हातावर ठेवला. बायडाबाईने तो उलटासुलटा केला. तो तिच्या घरात घडला नव्हता, कुठल्यातरी बाजारातल्या कुठल्यातरी घिसाडणीचा होता. तरी तिने तो कपाळाला लावला.

"आजा सांगायचा, बना मोठी झाल्यावर वाटंवरच्या कुठल्याबी पालावर खण ठिवून जायची. मग कवातरी ते बंद झालं. बोल, पोरीला काय पायजे?"

हर्षदाने सांगितलं. लाज वाटत होती आणि तरी एक शब्दही गाळता येत नव्हता. ज्या घराने एकदा दूध मागितलं होतं, तेच घर आता हाडांतली मज्जा मागायला आलं होतं.

*

बायडाबाईच्या घरातल्या सगळ्यांनी गालाच्या आतून नमुने दिले. जुळली ती तिची नात, किरण. चोवीस वर्षांची, शेतावरच्या ड्रोनची दुरुस्ती करणारी, मोजकं बोलणारी. फोनवर हर्षदाने आभार मानायला तोंड उघडलं, तसं तिने थांबवलं.

"मावशी, मी नाही म्हणत नाहीये. पण मला एक विचारायचंय. तुम्हाला नाही, तुमच्या आईला. त्यांना घेऊन या."

विजयमाला तयार होईना. गाडीत बसली, उतरली, पुन्हा बसली. "काय इचारंल ती? मी काय सांगू?" ती वाटभर म्हणत राहिली. हर्षदाला वाटत होतं, आईच्या तोंडून एखादा वाकडा शब्द गेला आणि पोरगी फिरली तर? तिने आईला काहीबाही शिकवायला सुरुवात केली. विजयमालाने तिला गप्प बसायला सांगितलं.

शेडमध्ये किरण हात पुसत समोर येऊन बसली.

"आज्जी, आमच्या घरात रुक्मीची गोष्ट लहानपणापासून ऐकलीय मी. तिने पोरगी वाढवली, पोरगी झोपलीय म्हणून तिला दारातून परत पाठवलं. मला एवढंच सांगा. बनाबाईंनी तिला कधी आई म्हटलं का?"

विजयमालाने खोटं सांगितलं असतं तर कोणाला कळणार होतं? हर्षदा तर मनातून तेच मागत होती.

"न्हाई," विजयमाला म्हणाली. "माझ्या कानांवर तरी न्हाई आलं."

किरणने हात पुसायचं फडकं बाजूला ठेवलं.

"पर एक सांगते. मी ल्हान असताना आमच्या गावात घिसाड्यांचं पाल आलं की आई मला घिऊन तिथं जायची. काय घ्यायची न्हाई, इळा न्हाई का खुरपं न्हाई. नुसती हुबी ऱ्हायची. भात्याजवळ. बाया घण मारायच्या आन् ती बघत बसायची. बा चिडायचा. म्हणायचा, कशाला जाती त्या लोकांत? आई म्हणायची, त्या आवाजानं मला झोप लागती. मला तवा ते येड्यावानी वाटायचं. लाज वाटायची मला, खरंच सांगते, मैत्रिणी बघतील म्हणून." विजयमालाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "शेवटच्या आजारात रातदिस डोळा लागत नव्हता तिचा. म्हणायची, कुणीतरी ठोकं मारा गं. आमी समजलो, भ्रम झालाय."

कोपऱ्यातल्या ऐरणीकडे तिची नजर गेली आणि ती बोलायची थांबली. गोठ्यातल्या त्या दिवसांत, दोन पोरं अंगावर घेऊन रुक्मी पोटासाठी घण मारत असणार, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना एकदमच कळलं. किरण उठली आणि विजयमालाच्या शेजारी खाटेवर येऊन बसली.

"कधी यायचं पुण्याला?" तिने हर्षदाला विचारलं.

*

मज्जा दिली गेली. त्यानंतरचे दिवस हर्षदाने कसे काढले, ते तिचं तिला माहीत. तन्मयीला ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. रक्ताचे आकडे तळाला गेले. महेश देवाचं नाव घेत बसायचा आणि हर्षदा बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायची. मग एका सकाळी डॉ. नाईकनवरे स्वतः चालत आल्या. घाईत नव्हत्या, यावरूनच हर्षदा समजली.

"धरली. मज्जा रुजली. पोरीचं शरीर तिला परकं म्हणायलाच तयार नाही."

हर्षदा भिंतीला टेकून खाली बसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचे पाय थांबले.

"गंमत बघा," डॉक्टर विजयमालाला समजावून सांगत होत्या. "आता तन्मयीच्या अंगात जे रक्त बनेल ते किरणकडचं. म्हणजे रुक्मीबाईंच्या घरचं. तुमच्या घराच्या पेशीही रक्तात थोड्याफार सापडतील, पण यंत्र आता त्यांना पाहुण्या म्हणून दाखवेल."

शहाण्णव कुळी सांगणारी विजयमाला यावर काय म्हणेल, म्हणून हर्षदाने भीत भीत वर पाहिलं. विजयमालाचं लक्षच नव्हतं. ती बोळाच्या तोंडाशी बघत होती.

तिथे बायडाबाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात फडक्याची लहानशी पुरचुंडी. पोरीला बघायला लोणंदहून आली होती आणि दवाखान्याची चकचकीत फरशी बघून दारातच थबकली होती. एक पाय आत, एक बाहेर. विचारावं की नाही, अशा बेताने तिने तिथूनच विचारलं:

"पोर झोपली असंल ना? ऱ्हाऊ द्या. मी मागनं येते."

विजयमाला लगबगीने गेली. तिने बायडाबाईचा हात धरला, घट्ट, आणि तिला काचेपाशी घेऊन आली.

"न्हाई गं बाई," ती म्हणाली. "जागी हाय. ये, बघ तुझी लेक."